कंसमामाचा उघडा कंस

माझ्या मामाला त्याची अख्खी कचेरी कंसमामा म्हणायची. आईला हे नाव मुळीच खपायचं नाही. "बहिणीच्या लेकरांच्या मुळावर उठलेला मामा तो वेगळा," ती म्हणायची, "माझ्या भावाने आजवर मुंगी मारलेली नाही." ते खरंच होतं. मुंगी चावली तरी मामा आधी तिची बाजू ऐकून घेईल. नाव पडलं ते नोकरीमुळे. मामाचं काम होतं कंस घालणं. चौकोनी कंस. एकतीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. आणि त्या हजारो कंसांतला एक आमच्या घराच्या मुळावर आला तो आलाच, आई काहीही म्हणो.

आमची लाँड्री नदीच्या काठावर आहे. मालकीण आई, इस्त्रीवाली मी. वडील गेले तेव्हापासून भट्टी, हौद आणि दोरखंड हे सगळं आईच सांभाळते. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मामा राहायचा. त्याने लग्न केलं नाही. एकदा ठरत आलं होतं, पण मुलीकडच्यांनी "पसंत आहे ना?" असं विचारल्यावर याने "तत्त्वतः" असं उत्तर दिलं.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हॉस्पिटल. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे. सगळं पांढरं. आणि नदी आमची असली तरी पाणी आमचं नाही, ते वरच्या देशातून येतं. दोन वळणं वर गेलं की सीमा लागते आणि सीमेला लागून त्यांचे कापड रंगवण्याचे कारखाने. ते ज्या दिवशी जो रंग करतील तो दुसऱ्या दिवशी आमच्या दारात. आई पहाटे एका दोरीला जुना पांढरा रुमाल बांधून नदीत सोडायची, शंभर आकडे मोजायची आणि वर ओढायची. "आज निळं आलंय," ती मला हाक मारून सांगायची. "आज पोपटी." लोक पेपर वाचून दिवस सुरू करतात, आम्ही रुमाल वाचून करायचो.

मग ते पाणी तीन हौदांतून जायचं. पहिल्यात तुरटी फिरवून गाळ बसवायचा, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात कोळसा. तिसऱ्या हौदाच्या पाण्यात धुवायचं. वडिलांच्या काळात तेवढ्याने भागायचं. मग कोळशालाही रंग आटोपेना. चादरी फिक्या गुलाबी व्हायला लागल्या. हॉस्पिटलच्या मेट्रनबाई भल्या होत्या, पण त्यांनाही उत्तरं द्यावी लागायची. "बाई," त्या आईला म्हणाल्या, "ऑपरेशन झालेला माणूस शुद्धीवर येतो आणि गुलाबी चादर बघतो. त्याला वाटतं, आपलं सगळं रक्त वाहून गेलं. काल एकजण परत बेशुद्ध पडला."

आता मामाच्या कचेरीबद्दल. आमच्या गावात, नदीच्याच काठावर, सीमापार जलप्रवाह कराराचं सचिवालय होतं. जगातल्या ज्या ज्या नद्या एका देशातून दुसऱ्या देशात जातात त्यांच्यात घाण सोडू नये, असा एक करार करायचा होता. एवढं साधं वाक्य. माझ्या आईने ते एका श्वासात म्हटलं असतं. बासष्ट देशांना त्याला वीस वर्षं लागली. त्यातल्या चार देशांत तर नदीच नव्हती, आणि सर्वांत पोटतिडकीने तेच बोलायचे.

कामाची रीत अशी. मसुदा पडद्यावर दाखवायचा. एखाद्या देशाला एखादा शब्द नको असला, किंवा नवा घालायचा असला, की त्याने मेजावरची आपल्या नावाची पाटी उभी करायची. मग त्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस. कंसातलं म्हणजे वादातलं, अजून कुणाचं नाही. कंसाबाहेरचं सर्वांना मान्य. सगळे वाद मिटून सगळे कंस उडाले की झाला करार. हे कंस घालायचे आणि काढायचे मामाने. अध्यक्षांच्या खाली एका छोट्या मेजाशी तो बसायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कुठे ‘करतील’ होतं तिथे कुणी ‘करावे’ आणायचं, ‘करावे’च्या जागी ‘करण्याचा प्रयत्न करतील’, आणि प्रयत्न फारच अंगावर येतोय असं वाटलं की ‘प्रयत्नांचा विचार’. पहिल्या दहा वर्षांत कराराच्या कंसाबाहेर फक्त पानांचे आकडे उरले होते, असं मामा सांगायचा. त्याला त्याचा अभिमान वाटायचा. एकही आक्षेप सुटला नाही, म्हणायचा.

घरीसुद्धा त्याची सवय सुटत नसे. दोन्ही हातांची बोटं वाकवून तो हवेत कंस करायचा आणि बोलायचा. "भाजी [बरी] झालीय." "उद्या मी [लवकर] येईन." मला एकदा बघायला आले होते तेव्हा हा पाहुण्यांना म्हणाला, "मुलगी [शांत] आहे." ते स्थळ परत आलं नाही. मला त्याचा राग आला नाही. कंस योग्य जागी होता.

कराराचं सातवं कलम आमचं. एका संध्याकाळी मामाने आईला विचारलं होतं, "ताई, पाण्यातून नेमकं काय येतं गं?" आईचे हात हौदात कोपरापर्यंत बुडालेले. ती म्हणाली, "रंगीत पाणी येतं, दुसरं काय! डोळे फुटलेत का तुझे?" मामाने तो शब्द आमच्या देशाच्या प्रतिनिधींच्या कानावर घातला आणि तो मसुद्यात गेला. कलम सात: ‘कोणताही देश खालच्या देशात वाहत जाणाऱ्या पाण्यात रंगीत सांडपाणी सोडणार नाही.’ आईचा शब्द जगाच्या कायद्यात बसला म्हणून त्या दिवशी मामाने घरी पेढ्यांचा पुडा आणला होता.

मग अकरा वर्षांपूर्वीची ती मंजुरीची बैठक. सगळे कंस उडाले होते. वरच्या देशाच्या प्रतिनिधीने पाटी उभी केली आणि सातव्या कलमात एक शब्द घालायची सूचना केली. ‘शक्यतो’. खालच्या देशात वाहत जाणाऱ्या पाण्यात शक्यतो रंगीत सांडपाणी सोडणार नाही. माझ्या मते आपल्या भाषेत याहून हरामखोर शब्द नाही. ‘शक्यतो येतो’ म्हणणारा माणूस येत नसतो, आणि ‘शक्यतो देतो’ म्हणणारा देत नसतो. आमच्या देशाने अर्थातच हरकत घेतली. शेवटी ठरलं की हा एक शब्द कंसात ठेवू, त्याचं पुढे बघू, बाकी करार मंजूर. टाळ्या झाल्या, हस्तांदोलनं झाली, फोटो निघाले.

घरी येऊन मामाने हे सांगितलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "मग पाणी कधी थांबणार?"

"एवढा शक्यतो जाऊ दे, ताई. मग थांबेल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, मामा जिना चढायला लागला की आई खालून विचारायची, "शक्यतो गेला का?" आणि मामा म्हणायचा, "नाही अजून." अकरा वर्षं. आमच्या गल्लीतल्या लोकांना वाटायचं, शक्यतो नावाचा कुणीतरी पाहुणा आमच्याकडे ठाण मांडून बसलाय.

मेट्रनबाईंनी शेवटी निर्वाणीचं सांगितलं. पावसाळा संपेपर्यंत चादरी पांढऱ्या आल्या नाहीत तर काम गावाबाहेरच्या मशीनवाल्यांकडे जाणार. हॉस्पिटल गेलं तर लाँड्री गेली, हे सांगायला ज्योतिषी नको होता.  तिसऱ्या दिवशी आईने मला कागद घेऊन बसवलं. करारात एकोणिसावं कलम होतं: पाण्याचा त्रास होणाऱ्या कुठल्याही माणसाला घाण सोडणाऱ्या देशाकडे थेट तक्रार करता येईल. अकरा वर्षांत जगातल्या कुणीच ती केली नव्हती. आईने केली. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. सोबत तिने सात वारांचे सात रुमाल जोडले.

वरच्या देशाचं उत्तर मात्र लवकर आलं, पावसाळ्याच्या आधीच. जाड कागद, वर सोनेरी मुद्रा. मी ते इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून मोठ्याने वाचलं. मामा तिथेच चहा पीत होता.

‘महोदया, आमच्या कायदा विभागाने करार काळजीपूर्वक वाचला. सातव्या कलमात शक्यतो या शब्दाआधी एक चौकोनी कंस उघडलेला आहे. तो पुढे कुठेही बंद झालेला आढळत नाही. सबब, शक्यतोपासून सह्यांच्या पानापर्यंतचा संपूर्ण मजकूर कंसात, अर्थात वादग्रस्त आहे. आपण ज्या एकोणिसाव्या कलमाखाली तक्रार केली तेही कंसातच असल्याने आपली तक्रार आमच्याकडे आलेली नाही. न आलेल्या तक्रारीबद्दल आपले आभार. रुमाल मिळाले.’

मामाचा कप बशीवर वाजला. मी कपाटातून कराराची छापील प्रत काढली. अकरा वर्षं ती आमच्या घरात होती. कचेरीत पाचशे प्रती होत्या, बासष्ट देशांत किती असतील देव जाणे. करार कुणीही वाचला नव्हता. करार करायचा असतो, वाचायचा थोडाच असतो! मी बोट ठेवून पाहिलं. ‘[शक्यतो रंगीत सांडपाणी सोडणार नाही.’ कंस उघडा तो उघडाच.

"छापणाऱ्याची चूक असेल," मी म्हणाले.

"नाही," मामा म्हणाला. "मीच ठेवला."

मग त्याने सांगितलं. त्या दिवशी वरच्या देशाचे प्रतिनिधी उठून ‘शक्यतो’ म्हणाले, मामाने कंस उघडला, आणि तेवढ्यात उघड्या खिडकीतून नदीचा भपकारा आला. प्रतिनिधींना खोकल्याची अशी उबळ आली की दोघांनी धरून त्यांना बाहेर न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरेच गृहस्थ आले आणि म्हणाले, "माझ्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाशी मी सहमत आहे." आणि सचिवालयाच्या नियमपुस्तकात लिहिलं होतं, नियम चौदा: आक्षेप घेणाऱ्याने आक्षेप जिथे संपल्याचे सांगितले असेल, तिथेच कंस बंद करावा.

"त्यांनी सांगितलंच नाही, ताई," मामा म्हणाला. "मी माझ्या मनाने कसा बंद करणार? म्हटलं, पुढच्या बैठकीत विचारू. पुढच्या बैठकीत विषयच निघाला नाही."

"म्हणजे अकरा वर्षं तुला माहीत होतं," आई म्हणाली.

"माहीत होतं असं नाही. लक्षात होतं."

"आणि मी रोज विचारत होते."

"तू शक्यतोचं विचारायचीस. मी त्याचंच उत्तर द्यायचो."

आईने हात पुसले. "दोन बोटांची रेघ," ती म्हणाली. "तेवढी मारली असतीस तर पाणी अकरा वर्षांपूर्वी थांबलं असतं?"

मामाचे हात सवयीने वर गेले, बोटं वाकली. आईने त्या हातांकडे असं पाहिलं की ते खाली आले. "थांबलं असतं," तो म्हणाला.

त्या दिवशी मला मामाची कीव आली नाही. आजही मी ते कबूल करते. खोटारडा माणूस परवडला, त्याला निदान भांडता तरी येतं. हा तर प्रामाणिकपणाने आमचं वाटोळं करून बसला होता. आई त्याच्याशी बोलेनाशी झाली. एवढंच नाही, तिने त्याचे सदरे पहिल्या हौदात धुवायला सुरुवात केली. आठवडाभर मामा कचेरीला सोमवारी निळा, मंगळवारी शेंदरी, बुधवारी कसलाच धड नाही अशा रंगाचा होऊन गेला.

निवृत्तीला त्याचे तीन महिने राहिले होते. त्याने आपल्या हाताने सचिवालयाच्या संचालकांना लिहून दिलं की कंस माझ्याकडून उघडा राहिला. संचालकांनी डोक्याला हात लावला. पेन्सिलने एक रेघ मारून मिटलं असतं, पण ते कचेरीला शोभलं नसतं. तातडीचं अधिवेशन बोलावण्यात आलं. ‘समाप्ती-कंस कार्यगट’. बासष्ट देश, चार दिवस, विषय एकच: कंस कुठे बंद करावा. आमचा देश म्हणाला, शक्यतोनंतर. वरचा देश म्हणाला, सह्यांनंतर. काहींनी मध्यममार्ग काढला, कराराच्या बरोबर मध्यावर बंद करावा, कलम बारामध्ये, एका क्रियापदाच्या अलीकडे. नदी नसलेल्या चार देशांनी मांडलं की एकमत होईपर्यंत बंद करणारा कंससुद्धा कंसात घालावा. या सूचनेला सर्वांत जास्त पाठिंबा मिळाला.

या अधिवेशनाचे मेजपोस आणि हातरुमाल धुवायचं काम आमच्याकडे आलं. दीडशे पांढरे मेजपोस. आईने ते तिसऱ्या हौदापर्यंत नेलेच नाहीत. सगळे पहिल्यात बुचकळले, त्या दिवशी रुमाल गर्द जांभळा आला होता. मी म्हटलं, "आई, अगं हे काय?" ती म्हणाली, "तू इस्त्री कर." मी केली. अशी कडक केली की डागसुद्धा घडीत बसले.

तिसऱ्या दिवशी ते मेजांवर अंथरले गेले. कापड बदलायला म्हणून मी सभागृहात मागे भिंतीशी उभी होते. नदीकडच्या खिडक्या वासामुळे घट्ट बंद. लांबून ते जांभळे ढग कुणाला नक्षी वाटले. मग पेल्यांमधलं पाणी सांडायला लागलं, घामेजलेले हात कापडावर टेकायला लागले. अकरा वाजेपर्यंत कागद जांभळे, बोटं जांभळी, एका बाईंचं नाक जांभळं. वरच्या देशाच्या प्रतिनिधींनी घड्याळ बघायला हात उचलला तर पांढऱ्या शर्टाची बाही कोपरापर्यंत रंगलेली. रंग त्यांच्याच देशाचा, पण म्हणतात ना, चोराच्या उलट्या बोंबा. त्यांनी पाटी इतक्या जोरात उभी केली की ती मोडली.

"हा काय प्रकार आहे? हे असलं कापड? हे थांबलं पाहिजे! ताबडतोब!"

संचालक धावत माझ्याकडे आले. मी आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला: "आम्ही शक्यतो पांढरेच धुतलेत."

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. अध्यक्षांनी ठराव मांडला. ‘परिषदेच्या कोणत्याही मेजावर रंग जाणारे कापड अंथरले जाणार नाही.’ कुणी पाटी उभी केली नाही. ‘शक्यतो’ नाही, ‘टप्प्याटप्प्याने’ नाही, ‘आपापल्या परिस्थितीनुसार’ नाही. बासष्ट देश, एकमत, सहा मिनिटं. ज्यांना सांडपाण्याला वीस वर्षं लागली त्यांना मेजपोसाला सहा मिनिटं पुरली. मामाने एकतीस वर्षांत पहिल्यांदा एक अख्खं वाक्य बिनकंसाचं टाइप केलं. टाइप करून झाल्यावर तो बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिला.

मग तो उठला. निळसर सदऱ्यातला, कधीही न बोलणारा माणूस. त्याच्या हातात कराराची मूळ प्रत होती. तो सरळ वरच्या देशाच्या मेजाशी गेला, प्रत त्यांच्यापुढे धरली, सातव्या कलमावर पेन्सिलचं टोक टेकवलं आणि त्याच्या त्या मऊ आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, नोंदीसाठी विचारतो. आपला आक्षेप कुठे संपतो?"

प्रतिनिधी ओल्या रुमालाने बाही घासत होते. रुमालही आमचाच, त्यामुळे बाही आणखी जांभळी होत होती. त्यांनी मान वर केली नाही. "इथेच!" ते ओरडले. "इथेच संपवा एकदाचा!"

"आभारी आहे," मामा म्हणाला, आणि पेन्सिल टेकलेली होती तिथेच त्याने कंस बंद केला. शक्यतोच्या पुढे. जागेवर जाऊन त्याने ते नोंदीत घातलं, अध्यक्षांनी मेजपोसाच्या ठरावासोबत तेही वाचून दाखवलं, जेवायची वेळ झाली होती, हातोडा आपटला. नियम चौदाचं तंतोतंत पालन झालं होतं.

त्या संध्याकाळी मामा घरी आला तेव्हा आई जिन्याशीच उभी होती. दीड महिन्यात ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "शक्यतो गेला का?"

"गेला नाही," मामा म्हणाला. "पण एकटा पडलाय. बाकी सगळं कंसाबाहेर आलं." आणि तो जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागला. आईने त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला. सदऱ्यावर पंजा उमटला.

वरच्या देशाला दोन दिवसांनी काय झालं ते कळलं. आम्हाला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पण त्यांचं पत्र अगदी गोड आलं. ‘कंस बंद झाल्याचे पाहून समाधान वाटले. आमचा देश सातव्या कलमाचे अक्षरशः पालन करील.’ संचालकांनी त्या पत्राला चौकट केली. मामाचा निरोपसमारंभ झाला, त्यात त्याला एक पेन्सिल देण्यात आली, भाषणात त्याला जगातल्या नद्यांचा रक्षक म्हणाले.

आणि खरंच, पावसाळा संपायच्या आत एका पहाटे आईने रुमाल वर ओढला तर तो पांढरा. तिचा विश्वास बसेना, तिने दुसरा सोडला. तोही पांढराशुभ्र. "अगं ये, बघ!" ती ओरडली. मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. तिने मामाला झोपेतून उठवून काठावर आणलं. पाणी नितळ होतं, तळाचे गोटे दिसत होते. आठ दिवस आम्ही धुतलं ते असं की चादरींकडे बघून डोळे दिपावेत. मेट्रनबाई स्वतः आल्या आणि काम आमच्याकडेच राहील म्हणाल्या. आईने तिसऱ्या हौदातला कोळसा काढून टाकला.

नवव्या दिवशी रुमाल वर आलाच नाही. नुसती दोरी आली, टोकाशी दोन धागे.

दुपारी मेट्रनबाई एक चादर घेऊन आल्या. त्यांनी चादर धरली आणि तिच्यातून हात आरपार घातला. चादर कागदासारखी फाटत गेली. वॉर्डात रोगी कूस बदलायचे आणि खाली गादी उघडी पडायची, असं त्यांनी सांगितलं. काम दुसऱ्या दिवसापासून मशीनवाल्यांकडे गेलं. त्यांचा काही इलाज नव्हता, त्यांचे डोळे भरून आले होते.

काय झालं ते मामाला कळायला वेळ लागला नाही. कारखाने बंद झाले नव्हतेच. रंगीत पाण्यात तेजाब ओतून ते त्याचा रंग उडवायचे आणि मग सोडायचे. गोटे दिसत होते कारण त्यांच्यावरचं शेवाळंसुद्धा जळून गेलं होतं. कराराचा भंग झाला नव्हता. रंगीत सांडपाणी कुणीही सोडत नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं रिकाम्या हौदांशी बसलो होतो. मामाने कपाटातली प्रत आणली होती. निवृत्त माणसाच्या कंसाला काडीची किंमत नसते, हे त्याला माहीत होतं, तरी त्याने ती बक्षिसाची पेन्सिल काढली आणि सातव्या कलमातल्या एका शब्दाभोवती कंस घातला. [रंगीत]. या वेळी उघडला आणि लगेच बंद केला.

आई वाकून बघत होती. "तो शब्द माझा आहे ना रे?" तिने विचारलं.

"हो."

"घाण म्हणायला हवं होतं मी. नुसतं घाण म्हटलं असतं तर झालं असतं." ती हाताकडे बघत राहिली. कोपरापर्यंत कातडी सोलवटली होती. "आता हा काढायला काय करावं लागेल?"

"पुढचं अधिवेशन तीन वर्षांनी आहे. तिथे कुणीतरी मांडायचं. मग चर्चा."

"म्हणजे एका शब्दाला अकरा वर्षं."

"साधारण."

"मी सदुसष्ट वर्षांची आहे," आई म्हणाली. "मला खरं सांग. माझ्या हयातीत अजून किती शब्द निघतील?"

मामाने पेन्सिल खाली ठेवली. तो मनात काहीतरी मोजत होता, ओठ हलत होते.

"शक्यतो एक," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने बोटांचा कंस केला नाही.